वटवाघळं काढायची म्हणजे वाट बघायची

फोन बहुतेक वेळा रात्री दहानंतर येतो. आवाज दबलेला असतो, जणू मोठ्यानं बोललं तर वरचं काहीतरी खाली येईल. "माळ्यावर फडफड होतेय. लगेच येता का?"

मी छपरांची कामं करतो. वासे बदलणं, पत्रे बसवणं, कौलं फेरणं, गळती काढणं. वटवाघळांचं काम मी मागून घेतलेलं नाही. लहान गावांमध्ये त्यासाठी वेगळा माणूस नसतो आणि छपरात शिरायची सवय असलेला मी, म्हणून ते माझ्याकडे आलं. आता त्याला एकोणीस वर्षं झाली. माझ्या गाडीत शिडी, जाळी, पाईपचे तुकडे असतातच, पण या कामातलं माझं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे घडीची खुर्ची. ती का, ते पुढे येईलच.

फोनवर मी आधी एकच विचारतो, वटवाघूळ खोलीत आहे की छपरात? खोलीत असेल तर घाई करण्यासारखं फार थोडं असतं. घरात उघडणारी दारं बंद करा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा, खोलीतले दिवे घालवा आणि स्वतः बाहेर या. झाडू नको, टॉवेल नको, आरडाओरडा नको. ते तुमच्या डोक्याभोवती घिरट्या घालत नसतं, वाट शोधत असतं. खोलीच्या मध्यावर ते खाली उतरतं आणि भिंतीपाशी वर चढतं, म्हणून ते अंगावर आल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा थोड्या वेळात ते आपलं आपण निघून जातं.

दुसरा प्रश्न मात्र मी कधीच सोडत नाही. त्या खोलीत कोणी झोपलेलं होतं का? लहान मूल होतं का? वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसेलच असं नाही, आणि झोपेतल्या माणसाला ते कळेलच असंही नाही. उत्तर "हो" असेल तर वटवाघूळ बाहेर सोडायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा. बहुतांश वटवाघळांना रेबीज नसतो. पण रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, आणि लक्षणांआधी लस मिळाली तर धोका टळतो. चावा किंवा ओरखडा असेल तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. आणि दिवसाढवळ्या जमिनीवर पडलेलं, हाताला सहज येईल असं वटवाघूळ दिसलं तर ते आजारी असू शकतं हे धरूनच चालायचं. उघडा हात कधीही लावायचा नाही. मला जीव वाचवायचे आहेत, त्यात माणसांचेही आले.

बाकीची गोष्ट छपराची, आणि तिथे मला माझी एक चूक सांगायला हवी.

या कामाचं माझं तिसरं वर्ष होतं. एका घराच्या छपराच्या कडेची फळी भिंतीपासून सुटली होती आणि त्या फटीतून संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडत होती. घरमालकांना घाई होती, पाहुणे यायचे होते. मी विचार केला की सगळी बाहेर पडू द्यावीत आणि शेवटचं गेलं की फट बुजवावी. मारहाण नाही, विष नाही, कुणाला इजा नाही. अंधार पडल्यावर पाऊण तास थांबलो, हालचाल थांबली, फट बुजवली आणि समाधानानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांचा फोन आला. वटवाघळं घराभोवती फिरत होती, त्या फळीवर येऊन आदळत होती, परत फिरून पुन्हा तिथेच येत होती. आणि भिंतीच्या आतून बारीक आवाज येत होता. मला त्याचा अर्थ कळला नाही. "दोन दिवसांत नाद सोडतील," असं मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. चौथ्या दिवशी वास सुटला, तेव्हा फळी काढली. आत पिलं होती. एकतीस. मी मोजली, कारण त्या वेळी दुसरं काय करावं ते सुचेना. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, काहींच्या अंगावर केससुद्धा आले नव्हते.

त्या रात्री माझ्या हातून जे झालं ते वाचनात कुठेतरी आधी आलं असतं तर झालं नसतं. म्हणून लिहितोय.

वटवाघूळ आकारानं उंदराएवढं दिसतं, पण त्याचं आयुष्य उंदराचं नाही. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिलू घालते. आयुष्य मात्र लांब. सायबेरियात 1964 साली खूण लावून सोडलेलं ब्रँट जातीचं एक वटवाघूळ 2005 साली पुन्हा सापडलं, म्हणजे 41 वर्षांनी. वजन सात ग्रॅमच्या आसपास! अशा जीवाची एका हंगामाची पिलं गेली, तर ती तूट वर्षानुवर्षं भरून निघत नाही. आणि घरांच्या छपरात येऊन राहणारा थवा पुष्कळदा माद्यांचाच असतो. त्या एकत्र येतात कारण पिलांना ऊब लागते, आणि उन्हानं तापलेलं छप्पर त्यांना आयती ऊब देतं. आई शिकारीला जाते तेव्हा पिलाला मागे छपरातच ठेवून जाते. म्हणजे संध्याकाळी "सगळी बाहेर पडली" असं आपल्याला दिसतं, तेव्हा नेमकी उडता न येणारी आतच असतात. छोट्या कीटकभक्षी जातींची पिलं साधारण तीन ते सहा आठवड्यांत उडायला लागतात. तेवढे आठवडे थांबणं, या कामातली निम्मी विद्या तेवढीच आहे.

हा पिलांचा काळ सगळीकडे एकाच महिन्यात येत नाही. थंड प्रदेशात तो उन्हाळ्यात असतो, आणि हिवाळ्यात तिथली वटवाघळं शीतनिद्रेत असतात, त्या वेळीही त्यांना उठवायचं नाही, कारण जाग आली की साठवलेली चरबी संपते आणि बाहेर खायला किडे नसतात. उष्ण प्रदेशात जातीगणिक फरक, काही जातींना वर्षातून दोनदाही पिलं होतात. म्हणून मी कॅलेंडरवर विसंबत नाही. दुपारी उन्हं तापली की माळ्याखाली जाऊन कान देतो. पिलांची चिवचिव मोठ्यांपेक्षा बारीक आणि सलग असते. शंका आली की काम पुढे ढकलतो. आणि तुमच्या भागातला कायदा काय म्हणतो ते वनखात्याकडे आधी विचारून घ्या. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्यानं वटवाघळांना आणि त्यांच्या वसतीच्या जागेलाही संरक्षण आहे. त्या क्षणी आत एकही वटवाघूळ नसलं तरी ती वाट बुजवणं तिथे गुन्हा ठरतो. हे वाचलं तेव्हा मला माझी ती फळी आठवली होती.

आता खुर्ची. सूर्य मावळायच्या थोडं आधी घरापासून पंधरा-वीस पावलांवर बसायचं, तेही एकट्यानं नाही. घराचे चार कोपरे असतात, दोन माणसं समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसली की चारही बाजू दिसतात. पहिलं वटवाघूळ साधारण अंधारून येताना बाहेर पडतं, मग एकामागोमाग. टॉर्च थेट फटीवर मारायचा नाही, त्यामुळे ती बाहेर पडायचीच थांबतात. मागे आकाश येईल अशी जागा धरली की काळी आकृती आपोआप दिसते. असं मी निदान तीन संध्याकाळी करतो, कारण एका संध्याकाळचा आकडा फसवतो.

एका घरी आजी आणि त्यांचा नातू, दोघंच राहायचे. आजींना वटवाघळांची शिसारी होती, अगदी नाव काढलं तरी पदर तोंडाला. मी त्यांना मोजायला बसवलं.

"मला नाही बाबा जमायचं," आजी म्हणाल्या.

"आजी, फक्त आकडा म्हणायचा. बाकी मी आहे."

पहिल्या दिवशी त्यांनी वीसपर्यंत मोजलं आणि आत गेल्या. तिसऱ्या दिवशी 86 मोजून नातवाला म्हणाल्या, "तू दोन सोडलीस, त्या पन्हळीपाशी बघ." माझा अनुभव असा की मोजायला बसलेल्या माणसाची भीती उतरते. अंधारात "काहीतरी" असतं त्याची भीती वाटते, शहाऐंशीची तेवढी वाटत नाही.

दिवसा मी फट शोधतो. छोट्या जातींना बोटाएवढी, दीड सेंटिमीटरची फट पुरते, काहींना त्याहून कमी. वापरातली फट ओळखू येते, कडेला तपकिरी तेलकट डाग असतो, अंग घासून घासून पडलेला, आणि खाली भिंतीला लेंड्या चिकटलेल्या. त्या उंदराच्या आहेत की वटवाघळाच्या, हे कळायला सोपी खूण आहे. काडीनं दाबून बघा. उंदराची लेंडी कडक राहते. कीटकभक्षी वटवाघळाची चुरगळून भुसा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसतात. उजेडाच्या दिवशी माळ्यावरचा दिवा घालवून उभं राहिलं की बाहेरचा प्रकाश जिथून जिथून आत येतो त्या सगळ्या जागा आपोआप दिसतात. मी खडूनं खुणा करत जातो.

मग आधी वापरात नसलेल्या फटी बुजवतो, फक्त त्या. मुख्य वाट उघडी ठेवून तिच्यावर एकेरी दार बसवतो. दार म्हणजे काही यंत्र नाही. बारीक जाळीचा पडदा, भोकं चार मिलिमीटरच्या आत, नाहीतर पंख अडकतात. वरची आणि दोन्ही बाजूंची कड भिंतीला पक्की, खालची मोकळी, आणि पडदा फटीच्या खाली हातभर, साधारण पन्नास सेंटिमीटर लोंबणारा. वटवाघूळ फटीतून निघून जाळीच्या आतून खाली सरकतं आणि मोकळ्या कडेनं सुटतं. परत येताना मात्र ते सरळ आपल्या फटीच्या उंचीवर येऊन बसतं, जाळीवर आपटतं, खालून शिरायचं त्याला सुचत नाही. कोपऱ्यातल्या भोकाला जाळीपेक्षा पाईप बरा. पाच सेंटिमीटर व्यासाचा, वीतभर लांब, तोंड खाली कललेलं. आतून गुळगुळीतच हवा. मी एकदा वळ्या असलेला पाईप लावला, त्या वळ्यांना नखं रोवून ती आरामात परत वर चढत होती, तीन रात्री फुकट गेल्या. पाईपच्या खाली मोकळी जागाही हवी, कारण बऱ्याच जातींना सपाटीवरून उडी घेता येत नाही, त्या उंचावरून खाली झेपावून मगच पंख पसरतात.

हे दार निदान पाच ते सात रात्री तसंच ठेवायचं. पाऊस पडला किंवा गारठा आला तर ती रात्र मोजायची नाही, कारण तेव्हा ती बाहेरच पडत नाहीत. शेवटी पुन्हा खुर्ची, पुन्हा मोजणी. लागोपाठ दोन संध्याकाळी शून्य आलं आणि दिवसा आत कान देऊन शांतता असली, तरच फट कायमची बंद. फळीला फळी, सीलंट, मोठ्या जागेला लोखंडी जाळी.

मी वटवाघळं "काढत" नाही, हे लोकांना पटवायला वेळ लागतो. ती रोज संध्याकाळी स्वतःच बाहेर पडतात. आपण फक्त परत यायची वाट बंद करायची, आणि तीही मागे कुणी राहिलेलं नाही याची खात्री झाल्यावर.

डांबरगोळ्या, धूर, प्रखर दिवे, फवारे, हे सगळं लोक माझ्याआधी करून बसलेले असतात. डांबरगोळ्यांचा वास शेवटी घरातल्या माणसांच्याच फुप्फुसात जातो. धूर आणि दिवे यांनी मोठी पळतात आणि पिलं राहतात. भीतीनं सैरभैर झालेली वटवाघळं छपरातून बाहेर जाण्याऐवजी खाली खोल्यांत उतरतात, ते वेगळंच. चिकट सापळे तर मी कुणाच्या घरी पाहिले की आधी ते काढून टाकायला लावतो, मग बोलतो. आवाज करणारी यंत्रंही विकली जातात, त्यांचा मला एकदाही उपयोग झालेला दिसला नाही. ज्या जीवाचा सगळा व्यवहार आवाजावर चालतो, त्याला एकसुरी आवाजाची सवय करून घेणं जड जात नसावं. माणसाला तो व्यवहार कळायलाच किती उशीर लागला बघा. इटलीत स्पालांझानी या शास्त्रज्ञानं 1790च्या दशकात दाखवलं की वटवाघळाचे डोळे गेले तरी ते अडथळे चुकवतं. ते ओरडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं, हे अमेरिकेतल्या डोनाल्ड ग्रिफिन या शास्त्रज्ञानं उघड करायला 1938 नंतरची वर्षं उजाडावी लागली. मधली जवळपास दीडशे वर्षं उत्तर आपल्या डोक्यावर उडत होतं.

शेतावरच्या इमारतींचं गणित वेगळं आहे, आणि तिथे मी बहुतेक वेळा काम नाकारतो. चाऱ्याची शेड, धान्याचं कोठार, अवजारांची खोली यांना चहूबाजूंनी फटी असतात, त्या सगळ्या बुजवणं म्हणजे इमारतच नव्यानं बांधणं. एका दादांनी मला त्यांच्या शेडमधली "घाण" काढायला बोलावलं होतं. तक्रार ऐकली तर ती वटवाघळांची नव्हती, चाऱ्यावर पडणाऱ्या विष्ठेची होती. तक्रार रास्तच, तसला चारा जनावरांपुढे टाकू नये. आम्ही चाऱ्याची गंज शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवली, थवा लटकतो त्या तुळईखाली रुंद फळी आडवी टाकली आणि तिच्या खाली ताडपत्री. काम दुपारी संपलं. ताडपत्रीवर जमेल ते कुजवून खत म्हणून शेतात.

दादा तरी म्हणाले, "पण ठेवून फायदा काय?" मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिथे 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी पहिल्यांदा दिसली आणि पुढच्या वर्षांत त्या रोगानं लाखो वटवाघळं मेली. एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञानं 2024 मध्ये हिशोब मांडला. ज्या भागांत वटवाघळं गेली, तिथे शेतकऱ्यांची कीटकनाशकं सरासरी 31 टक्क्यांनी वाढली, आणि त्याच भागांत तान्ह्या बाळांचे मृत्यूही सुमारे 8 टक्क्यांनी वाढले. दादा थोडा वेळ वर बघत राहिले. मग विचारलं, "त्या तुळईला वाळवीचं औषध मारायचं होतं मला, चालेल का?" हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारला तो तेव्हाच. लाकडाला मारायच्या जुन्या औषधांत लिंडेन आणि पेंटाक्लोरोफिनॉल असायची आणि त्यांनी छपरातली वटवाघळं मरत. थवा नसेल तेव्हाच, त्यांना न मारणारं औषध विचारून घेऊन मारा, असं मी सांगितलं.

घरातून वाट बंद करायची असेल तर मी काही आठवडे आधी पेटी लावतो. खरखरीत लाकूड, मध्ये जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी, खालून उघडी, जमिनीपासून निदान तीन-चार मीटर उंच, ऊन येईल अशा भिंतीवर किंवा खांबावर. आतून रंग नाही. पेटीत ती येतीलच असं मी कुणाला वचन देत नाही. कधी महिन्यात येतात, कधी दोन वर्षं पेटी रिकामी असते.

साफसफाईबद्दल एवढंच, पण ते पाळाच. वाळलेली विष्ठा झाडू नका, घरगुती व्हॅक्यूमही लावू नका. ती धूळ उडाली तर त्यातल्या बुरशीनं हिस्टोप्लाज्मोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. आधी पाण्यानं भिजवायचं, नाकावर नीट बसणारा एन-95 मास्क, हातमोजे, मग फावड्यानं पिशवीत. ढीग मोठा असेल किंवा घरात कुणाची फुप्फुसं, प्रतिकारशक्ती कमजोर असेल, तर जाणकार माणसालाच बोलवा.

त्या आजींच्या घरी मी सात आठवडे थांबलो होतो, कारण पिलं होती. आजी चिडल्या, मग गप्प झाल्या, मग त्यांचा नातू रोज संध्याकाळी मला आकडा पाठवायला लागला. 86 चे एकदम 120 झाले, त्या संध्याकाळी आजींनी स्वतः फोन केला. "अहो, पिलं उडाली वाटतं." जाळी लावून आठव्या दिवशी शून्य आलं, फट बुजवली. पेटी भिंतीवर आहे. गेल्या आठवड्यात नातवाचा निरोप आला, "काका, पेटीतून 14."

आज रात्रीही एक फोन आला. नवरा-बायको, नवं घर घेतलेलं, उद्याच्या उद्या सगळं बंद करून हवंय. वहिनींनी फोन छपराकडे धरला तेव्हा मला तो आवाज ऐकू आला, बारीक, सलग. मी सांगितलं की सहा आठवडे तरी लागतील. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "निदान येऊन बघून तरी जा." उद्या संध्याकाळी जाणार आहे. जाळी आणि पाईप घरीच ठेवतोय. खोलीच्या छताला भगदाड असेल तर ते झाकायला एक फळी, खाली टाकायला ताडपत्री, आणि या वेळी तीन खुर्च्या.